डाव्या गालाची झळ

माय मांडे करायची तेव्हा खापर तापलं की नाही हे तिने कधी हात लावून बघितलं नाही. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे खान्देशात पुरणाचे मांडे तव्यावर होत नाहीत, चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं, खाली पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा, जाळ करायचा, आणि पुरण भरलेला उंडा थोडा लाटून मग दोन्ही हातांवर खेळवत खेळवत पार कोपरापर्यंत वाढवायचा आणि अलगद त्या खापरावर टाकायचा. खापर कमी तापलेलं असेल तर मांडा चिकटतो आणि जास्त तापलं तर टाकल्या टाकल्या काळे डाग. कोणी पाण्याचा शिपका मारून बघतं, कोणी चिमूटभर पीठ टाकतं. माय नुसती थोडी वाकायची, डावा गाल खापराच्या वर आणायची, श्वास रोखल्यासारखी थांबायची आणि म्हणायची, "व्हयनं." म्हणजे झालं. डावाच का, तर पिठाची परात उजवीकडे असायची, हात तिकडे गुंतलेला. इतकं साधं कारण.

२०२२ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पहिले तीन मांडे जळले.

चौथ्याला तिने जाळ मागे ओढला. आम्ही सगळ्यांनी खापराला शिव्या दिल्या, नवीन होतं, कुंभार आता पहिल्यासारखी माती मळत नाही वगैरे. बापू म्हणाले पऱ्हाटी जास्त वाळलीय. दादाने रसाची वाटी तोंडाला लावत सांगितलं की जळलेला पण छान लागतो. मायच्या गालाकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही, तिचं स्वतःचं पण नाही.

तसं आता मागे वळून बघितलं तर त्याच्या आधीपासूनच चालू होतं. ती गालावरून सारखा हात फिरवायची. विचारलं तर म्हणायची मुंगी चालतेय. मग म्हणायला लागली कोळ्याचं जाळं लागल्यासारखं वाटतं, पहाटे गोठ्यात शिरताना तोंडाला लागतं ना तसं, पण ते पुसून निघतच नाही. जेवताना डाव्या बाजूला घास तसाच राहून जायचा, कळण्याच्या भाकरीचा तुकडा गाल आणि हिरडीच्या मध्ये अर्धा अर्धा तास, आणि हिला पत्ताच नाही. एकदा चहा पिताना ओठाच्या कोपऱ्यातून ओघळला आणि लुगड्यावर पडला तेव्हा तिला कळलं. मी धुळ्यात असते, शाळेत विज्ञान शिकवते, पंधरा दिवसांतून एकदा गावी जाणार, त्यात हे सगळं तुकड्या-तुकड्याने दिसणार, त्यामुळे जोडून बघायला वेळ लागला. ही सबब आहे, मला माहितीये.

मग दुखणं सुरू झालं. वरच्या जबड्यात, विजेसारखं, क्षणभर, आणि गेलं. दुखणं जबड्यात म्हटल्यावर माणूस दाताच्याच डॉक्टरकडे जाणार. त्यांनी एक दाढ काढली. महिन्याने शेजारची काढली. दोन्ही दाढा चांगल्या होत्या हे नंतर कळलं, मायने त्या पुडीत बांधून ठेवल्यात अजून. तेव्हा मला फार राग आला होता, आता तेवढा येत नाही, कारण चेहऱ्याच्या नसेचं दुखणं दातावर ढकललं जाणं आणि त्यात चांगल्या दाढा जाणं हे सगळीकडेच होत आलंय. हां, पहिली काढून फरक पडला नाही तर दुसरी काढताना एकदा थांबायला हवं होतं, एवढं मी अजूनही म्हणेन.

त्यानंतर कार्बामॅझेपिन. ह्या गोळीने दुखणं खरंच कमी झालं, त्यामुळे सगळे खूश, निदान झालं, ट्रायजेमिनल न्युराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं, लाखोंना असतो, घाबरू नका. फक्त दोन महिन्यांत माय गोठ्यात झोकांड्या खायला लागली, बोलताना शब्द चुकायला लागली, आणि रक्त तपासलं तर सोडियम १२१, जे १३५ च्या खाली जायला नको. ही गोळी सोडियम खाली आणते हे त्या गोळीबरोबरच्या कागदावर लिहिलेलं असतं, इतक्या बारीक अक्षरात की वाचायला प्रयोगशाळेतलं भिंग लागावं. ॲडमिट, सलाईन, गोळी बदलली. आणि तिथल्या तरुण न्यूरॉलॉजिस्टने पहिल्यांदा एक काम केलं जे आधी कोणीच केलं नव्हतं, त्याने तिच्या चेहऱ्याला हात लावला.

हा प्रसंग मी नीट सांगते कारण तो माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. त्याने ट्रेमधून कापसाचा बोळा घेतला, त्याच्या टोकाची दोन बोटांनी वळून बारीक वात केली, अगदी समईच्या वातीचं टोक असतं तेवढी, आणि मायला म्हणाला मावशी वर बघा. बाजूने वात आणून उजव्या डोळ्याच्या काळ्या भागाला हलकेच टेकवली. दोन्ही पापण्या फटकन मिटल्या. मग डाव्या डोळ्याला टेकवली. काही नाही. दोन्ही डोळे टक्क उघडे, आणि डाव्या बुबुळावर कापसाचा तंतू टेकलेला. माय वर छताकडे बघत विचारते, "लायं का?" म्हणजे लावलं का. मी भिंतीकडे बघायला लागले.

आमची माय म्हणजे चाळीस वर्षं कापूस वेचलेली बाई. बोंडाच्या टोकाने बोटं फाटलेली, कापसाचा तंतू डोळ्यात गेला तर काय होतं हे तिच्याइतकं कोणाला माहिती. डॉक्टरने तिला दाखवला बोळा, की हा लावला होता. तिने हातात घेऊन चिमटीत ताणून बघितला आणि म्हणाली, "हाऊ कापूस आपला वावरना नई. धागा आखूड शे." डॉक्टर मुंबईकडचा होता, त्याला काही कळलं नाही, मी भाषांतर केलं तेव्हा हसला.

मग त्याने समजावलं, आणि मी शिक्षिका आहे कळल्यावर जरा जास्तच समजावलं. चेहरा हलवणारी नस वेगळी आणि चेहऱ्याला जाणीव देणारी वेगळी. सातवी हलवते, पाचवी जाणवून देते. लकवा म्हणून लोक ज्याला ओळखतात, तोंड एका बाजूला ओढलं जातं, डोळा मिटत नाही, तो बहुतेक वेळा सातवीचा प्रकार, चार्ल्स बेलने १८२१ मध्ये ही नस वेगळी काढून दाखवली म्हणून त्याला बेल्स पाल्सी म्हणतात, आणि त्यातले बहुतेक लोक बरे होतात, पहिल्या ७२ तासांत स्टेरॉइड चालू केलं तर आणखी चांगले. मायची पाचवी, म्हणजे ट्रायजेमिनल, बिघडली होती. हिच्या तीन फांद्या, वरची कपाळ आणि डोळ्याला, मधली गाल, नाकाची बाजू आणि वरच्या दातांना, खालची जबड्याला, आणि ह्या खालच्या फांदीबरोबर चावायच्या स्नायूंची तार पण जाते. त्याने मायला तोंड उघडायला सांगितलं तर हनुवटी सरळ खाली न जाता डावीकडे सरकली. कानशिलावर बोट ठेवून दात आवळायला सांगितले, उजवीकडे स्नायू टरारून वर आला, डावीकडे नुसता खळगा. तो खळगा मी मागच्या दिवाळीला बघितला होता आणि मनात म्हटलं होतं माय वाळत चालली.

तिन्ही फांद्या एकदम बधिर म्हणजे बिघाड जिथे त्या एकत्र येतात तिथे. कवटीच्या तळाशी, कानाच्या पुढे खोल, मेंदूच्या जाड आवरणात एक छोटी खोबण असते, योहान फ्रीडरिश मेकेल नावाच्या शरीररचना शास्त्रज्ञाने १७४८ मध्ये वर्णन केलं म्हणून मेकेलची गुहा. आमच्याकडे गुहा म्हटलं की अजिंठा. ह्या गुहेत नसेची गाठ, म्हणजे गॅसेरियन गँगलियन, पाण्यात बुडालेली बसलेली असते. एमआरआयमध्ये नेमकं तिथेच काहीतरी दीड सेंटिमीटरचं. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं श्वानोमा, म्हणजे नसेच्या वेष्टनाची गाठ, नाहीतर मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची. दोन्ही बहुतेक वेळा साध्या गाठी, कॅन्सर नाही. मी गुगल करून रात्रभरात श्वानोमातज्ज्ञ झाले.

गावात मात्र लकवाच. कारण तोंड म्हटलं की लकवा. एकाने कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, एका आत्याने कुठल्याशा गावी गुरुवारी पट्टी बांधतात तिथे न्यायचा हट्ट धरला. आणि गंमत अशी की मायचं तोंड सरळच्या सरळ होतं. हसायची तेव्हा दोन्ही गाल वर, डोळे मिटायचे, भुवया हलायच्या. बघायला आलेल्या बाया पाणी पिऊन, इकडचं तिकडचं बोलून, जाताना ओट्यावर एकमेकींना म्हणायच्या, दिसत तर काही नाही बाई. मायने ते ऐकलं. मला म्हणाली, तोंड वाकडं झालं असतं तर बरं झालं असतं, लोकांना सांगायचं तरी वाचलं असतं. मी तिला गप्प केलं, तेव्हा मला ते अशुभ वाटलं. आज वाटतं अगदी बरोबर बोलली होती. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं. हिचा अर्धा चेहरा गेला होता आणि तो सगळ्यांना जागेवर दिसत होता, फक्त तिच्यासाठी नव्हता.

अमळनेरहून खान्देश एक्सप्रेस पकडली, संध्याकाळी बसलो, पहाटे वांद्र्याला. मायने दशम्या आणि तिळाची चटणी बांधली होती, खिडकीला डावी बाजू आली म्हणून तिने जागा बदलून घेतली, म्हणाली इकडून वारा लागतो की नाही ते कळतच नाही, पैसे वाया. नंदुरबार गेल्यावर झोपली. मी झोपले नाही. झोपेत तिचा डावा डोळा थोडा उघडा होता का मिटलेला ते मोबाईलच्या उजेडात सारखी बघत होते.

ऑपरेशन पाच तास चाललं. कानाच्या वर, कवटीतून. सर्जन बाहेर आले ते टोपी काढत आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजीपेक्षा आश्चर्य जास्त होतं. म्हणाले श्वानोमा असता तर नसेवरून बाजूला सोलून काढता येतो, नारळाच्या खोबऱ्यावरची तपकिरी साल काढतो तसा, पण हे तसं नाहीये, हे नसेच्या धाग्याधाग्यांत मुरलंय, पिवळट, चिवट, जेवढं सुरक्षित होतं तेवढं काढलं. जाणीव परत येईल याची आशा धरू नका. आणि हे काय आहे ते मला आत्ता सांगता येणार नाही.

सहा दिवसांनी नाव कळलं. अमायलॉइड, म्हणजे साचून बसलेलं बिघडलेलं प्रथिन. त्याची गाठ म्हणून अमायलॉइडोमा, ट्रायजेमिनल नर्व्हचा. जगभरातल्या डॉक्टरांच्या नियतकालिकांत अशा केसेस छापून आल्यात त्या मोजक्याच, इतक्या कमी की एमआरआय बघून आधी हे नाव कोणाच्या मनात येतच नाही, सगळ्यांना श्वानोमाच वाटतो, आणि तुकडा काढून रंगवल्याशिवाय कळत नाही. एवढ्या लांबच्या जगातला रोग आमच्या खेड्यात मांडे करणाऱ्या बाईला शोधत आला म्हणायचं.

मी पॅथॉलॉजिस्ट मॅडमना विनंती केली, शाळेत शिकवते, एकदा स्लाइड बघू द्या. त्यांनी दिलं बघू. नियमात बसत होतं का माहिती नाही, त्यांचे उपकार. मायक्रोस्कोपमध्ये आधी नुसता विटकरी-गुलाबी पसारा, घट्ट, आकार नसलेला, घट्ट झालेल्या पिठल्यासारखा, आणि मधून मधून अडकलेल्या नसेच्या पेशी, विहिरीतल्या गाळात रुतलेल्या घागरीसारख्या. मग त्यांनी खाली एक चकती फिरवली, प्रकाश ध्रुवित केला, आणि अंधारात तोच पसारा हिरवा चमकला. पुस्तकात ह्याला सफरचंदी हिरवा म्हणतात. आमच्याकडे सफरचंद लालच मिळतं, मला तो हरभऱ्याच्या कोवळ्या घाट्याचा हिरवा वाटला. इतकं सुंदर काहीतरी मायच्या डोक्यात होतं हे मला सहन होईना आणि डोळाही काढवेना.

तो तुकडा ज्या रंगाने रंगवला होता त्याचं नाव काँगो रेड. आता इथे मला थोडं भरकटू द्या, कारण इथे माझे आजोबा येतात. पाउल ब्यॉटिगर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने १८८३ मध्ये हा रंग तयार केला तो रोगासाठी नाही, कापसासाठी. तोपर्यंत सुती कापडाला बरेचसे रंग धरवायचे म्हणजे आधी तुरटीसारख्या पाण्यात बुडवून घ्यावं लागायचं, तेव्हा कुठे रंग चिकटायचा. हा पहिला असा कृत्रिम रंग की जो कापसाला थेट धरतो. १८८५ च्या सुमारास बाजारात आला तेव्हा बर्लिनला काँगोवरून युरोपातल्या देशांची परिषद गाजत होती, पेपरात रोज काँगो काँगो, म्हणून नाव काँगो रेड. रंगाचा काँगोशी काहीएक संबंध नाही, नाव खपावं म्हणून. पुढे १९२२ मध्ये बेनहोल्ड नावाच्या जर्मन डॉक्टरच्या लक्षात आलं की हा रंग शरीरातल्या अमायलॉइडला पण धरतो, आणि १९२७ मध्ये दिव्री आणि फ्लोरकिन या बेल्जियन जोडीने ती हिरवी चमक दाखवली. कारण ऐकाल तर सोपं आहे. कापसाच्या तंतूत लांब सरळ साखळ्या शेजारी शेजारी लागलेल्या असतात, आणि अमायलॉइडमध्ये पण प्रथिनाचे तंतू तसेच शिस्तीत रचलेले असतात, जाडी मिलिमीटरच्या जेमतेम एक लाखाव्या भागाएवढी. रंगाचे सपाट रेणू त्या रांगांना धरून बसतात. रंगाला काय, वावरातला कापूस आणि मायच्या डोक्यातला पसारा एकच.

आणि नावच चुकीचं! अमायलॉइड म्हणजे स्टार्चसारखं. १८५४ मध्ये रुडॉल्फ फिर्खो या नामवंत जर्मन डॉक्टरने मेंदूतल्या असल्या बारीक कणांवर आयोडीन टाकलं, मग गंधकाम्ल, निळं-जांभळं झालं, तर म्हणाला हे स्टार्च. अहो मी दर वर्षी पोरांकडून बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकून घेते, निळा-काळा झाला की स्टार्च, लिहा वहीत. एवढा मोठा माणूस आणि त्यानेही आमच्या पोरांसारखंच वहीत लिहिलं. पाच वर्षांत, १८५९ ला, फ्रीडरिश आणि केकुले यांनी दाखवलं की ह्यात स्टार्च नाहीच, हे प्रथिन आहे, आणि हा केकुले म्हणजे तोच, बेन्झिनच्या षटकोनाचा. तोपर्यंत नाव चिकटलं होतं, ते आजपर्यंत चिकटलेलं आहे.

आजोबा, मायचे वडील, अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये सायझिंगला होते. सायझिंग म्हणजे ताण्याच्या सुताला खळ लावायची, म्हणजे मागावर धागा तुटत नाही. स्टार्चच तो. माय सांगते की ते घरी आले की त्यांच्या अंगाला आंबट खळीचा वास यायचा आणि कोपरापर्यंतचे केस कडक झालेले असायचे. मिलमध्ये काँगो रेड वापरत होते का वगैरे मी काही म्हणत नाही. एवढंच की मी तिला हॉस्पिटलच्या पलंगाशी बसून सगळं सांगितलं, डॉक्टरांनी आधी ह्याला खळ समजलं होतं आणि रंगवलं कपड्याच्या रंगाने, तर टाके घातलेलं डोकं उशीवर तसंच ठेवून ती म्हणाली, "म्हंजे मना बापनंच डिपार्टमेंट."

ते प्रथिन असं का वागतं, तर प्रत्येक प्रथिनाला एक घडी असते, नऊवारीला असते तशी म्हणा, ती घडी चुकली की मग तो तुकडा दुसऱ्या तुकड्याला चिकटतो, तिसऱ्याला, रांगच लागते, पाण्यात विरघळत नाही, शरीराला मोडून काढता येत नाही, जिथे पडलं तिथे पडलं. मायच्या बाबतीत तो तुकडा अँटिबॉडीचा होता, लाइट चेन, लॅम्डा जातीची, प्लाझ्मा पेशी बनवतात ती. आणि त्यामुळे पुढचा प्रश्न जास्त घाबरवणारा होता, की हे फक्त इथेच आहे का अंगभर. अंगभर असलं तर हृदय आणि किडनी, आणि मग मायलोमा या प्लाझ्मा पेशींच्या कॅन्सरला देतात तशी केमो, बोर्टेझोमिब वगैरे. लघवीतलं प्रोटीन, टूडी एको, रक्तातल्या लाइट चेन, पोटाच्या चरबीचा तुकडा, कमरेच्या हाडातून बोन मॅरो. बोन मॅरोनंतर तिने मला एकच विचारलं, आता राहिलं काय काढायचं.

त्याच दिवसांत डॉक्टरांनी घराण्याची चौकशी केली. कोणाच्या पापण्या लोंबतात का, कोणाचं तोंड दोन्ही बाजूंनी सैल पडलं का, डोळ्याच्या काचेवर जाळी आली का. कारण चेहऱ्याच्या नसांना धरणारा एक आनुवंशिक अमायलॉइड पण आहे, फिनलंडमध्ये योउको मेरेतोया नावाच्या नेत्रतज्ज्ञाने १९६९ मध्ये सांगितलेला. गेल्सोलिन नावाच्या प्रथिनात १८७ व्या जागी एक अमिनो आम्ल बदलतं, बस, एवढ्याने आधी बुबुळात जाळीसारख्या रेषा येतात, मग उतारवयाकडे कपाळ आणि भुवयांपासून चेहरा ढिला पडत जातो, त्वचा सैल होते. आई किंवा वडिलांकडून एकच बिघडलेली प्रत आली तरी पुरते, म्हणजे पोरांना अर्धी-अर्धी शक्यता. हे ऐकून त्या रात्री हॉस्पिटलच्या खालच्या चहाच्या टपरीवर मी आणि दादा समोरासमोर बसलो होतो आणि दोघं एकमेकांच्या भुवया बघत होतो. तो म्हणाला तुझी उजवी खाली आहे. मी म्हटलं ती थ्रेडिंगवालीने बिघडवलीय. मग आम्ही इतके हसलो की टपरीवाल्याने वळून बघितलं, आणि नंतर खूप वेळ कोणी काही बोललं नाही.

ते नव्हतं. लॅम्डा निघाला म्हणजे घराण्याचा नाही, आणि बाकीचे सगळे रिपोर्ट पण स्वच्छ आले, हृदय ठीक, किडनी ठीक, मॅरो ठीक. एकाच जागी, त्या एका गुहेत साचलेला. केमो नाही. वर्षातून एकदा एमआरआय आणि रक्त. घरी जा.

घरी जा म्हणजे काय ते घरी आल्यावर कळलं. दुखणं गेलं, बधिरपणा तसाच, आणि आता खरं काम डोळ्याचं. ज्या डोळ्याला लागलेलं कळत नाही तो स्वतःला वाचवत नाही. दिवसातून सहा वेळा ड्रॉप, रात्री मलम आणि पापणीवर चिकटपट्टी, वावरात जाताना गॉगल. गॉगल घालून निंदायला बसलेली माय बघून बापूंनी फोटो काढला, तो आमच्या फॅमिली ग्रुपचा डीपी होता दोन महिने. पण काळ्या मसाल्याच्या दिवशी ती चुकली. मिरच्या भाजायच्या होत्या, गॉगलला धूर धरतो म्हणून काढून ठेवला, घरात सगळे खोकतायत, शेजारचे शिव्या देतायत, हिचा उजवा डोळा घळाघळा आणि डावा शांत. संध्याकाळपर्यंत लाल झाला, हिला काही नाही. मी शनिवारी गेले तेव्हा बघितलं. जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरने पिवळा थेंब टाकून निळा उजेड मारला आणि बुबुळावर एक ठिपका हिरवा चमकला. जखम. परत हिरवा. मला तो रंग आता वर्गात फळ्यावरच्या आकृतीत पण वापरवत नाही, पानं मी निळ्या खडूने काढते, पोरं हसतात.

आरसा हा आमच्या घरात पूर्वी फक्त बापूंच्या दाढीचा होता. आता मायच्या कमरेच्या पिशवीत तंबाखूच्या डबीएवढा एक असतो. जेवण झालं की ओट्यावर जाऊन गालात बोट फिरवते, चूळ भरते, आरशात बघते. तिने एकदा मला दाखवलं, उजव्या हाताने डावा गाल चिमटीत धरला आणि म्हणाली, "बघ, बोटले गाल कयस, गालले बोट कयत नई." मी तिच्यासमोर माझा गाल धरून बघितला. बराच वेळ बघत बसलो दोघी, गाल धरून. बापू आतून आले आणि विचारलं दोघींचे दात दुखतायत का.

या आखाजीला मी दोन दिवस आधीच गेले, लेकीला घेऊन. घागर भरली, पितरांना आगारी टाकली, रस काढला. चूल मायनेच मांडली, कोणाचं ऐकणार. मी सुचवलं की परात डावीकडे घे आणि उजवा गाल वापर. तिने दोनदा करून बघितलं आणि जमलं नाही, हात उलटे पडायला लागले, चाळीस वर्षांची सवय, मांडा कोपरावरच फाटला. मग तिने परात परत उजवीकडे घेतली आणि माझ्या लेकीला हाक मारली. ती मोबाईल ठेवून आली. नऊ वर्षांची आहे, धुळ्यात गॅसच्या पुढे कधी गेली नाही.

"आठे बठ. थोबाड पुढे कर. आसं नई, डावं. लागनी का सांग."

लेक वाकली, डोळे घट्ट मिटले आणि लगेच किंचाळली, आजी खूप गरम, खूप खूप गरम. मायने मांडा टाकला. चिकटला, पुरण बाहेर आलं, खापर अजून कोमट होतं. तिने उलथण्याने खरवडून तो गोळा गाईच्या पाटीत टाकला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "हाई मीटर खराब शे." लेक चिडली. परत वाकली, यावेळी डोळे उघडे ठेवून, आजी खापराच्या जेवढी जवळ जायची तेवढी जवळ जाऊन, आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मी म्हटलं अगं भाजेल. मायने हातानेच मला गप्प बसवलं, दुसऱ्या हातावर मांडा खेळवत होती, तो कोपराच्या पुढे गेला होता.

"आता," लेक म्हणाली.